टीममध्ये नवीन आलेल्याला बोलतं कसं करायचं

"तिकडं! तिकडं! झाडामागं!"

माझा आतेभाऊ पहिल्यांदा आमच्या टीममधून बीजीएमआय, म्हणजे चौघांच्या टीमनं शेवटपर्यंत जिवंत राहायचा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ, खेळला, त्या रात्री त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं हे पहिलं वाक्य. आम्ही नकाशातल्या रोझोक गावाच्या खालच्या उतारावर होतो. समोर पन्नासेक झाडं. आम्ही तिघं तीन दिशांना वळलो आणि गोळ्या आल्या चौथीकडून. मिनिटभरात चौघंही मरून लॉबीत. दादा म्हणाला, "तिकडं म्हंजे कुठं रे?" त्यात फार राग नव्हता. पण त्या पोरानं माइक बंद केला, तो पुढचे तीन आठवडे उघडलाच नाही. रोज यायचा, खेळायचा, गप्प असायचा.

मला ती रात्र अजून टोचते. शत्रू आम्हा सगळ्यांच्या आधी त्याला दिसला होता. नजर तयार होती, फक्त ती आमच्यापर्यंत पोहोचवायला लागणारे शब्द त्याच्याकडे नव्हते, आणि ते द्यायचं काम आमचं होतं. बंदूक कुठली घ्यावी, स्कोप कुठला लावावा हे आम्ही त्याला तासभर शिकवलं होतं. बोलायचं कसं, हे एक मिनिटही नाही. बोलणं ज्याचं त्याला येतं असं आपण धरून चालतो. येत नाही. ते शिकवावं लागतं, आणि शिकवायला लागलं की आठ-पंधरा दिवसांत येतं.

त्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या माणसासोबत मी जे करत आले, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं बीजीएमआय आणि व्हॅलोरंट (कॉम्प्युटरवरचा पाच-पाच जणांच्या टीमचा गोळीबाराचा खेळ) यांची आहेत, कारण आमचं खेळणं तेवढंच. पद्धत कुठल्याही टीमच्या खेळाला चालेल.

आधी आवाज नीट पोहोचू दे

पहिल्या दिवशी मॅच लावायचीच नाही. दहा मिनिटं फक्त आवाज तपासा. गेमला माइकची परवानगी दिली आहे का, व्हॉइस 'टीम'वर आहे की 'ऑल'वर, हे त्याच्या स्क्रीनवर बघून घ्या. काही गेममध्ये 'ऑल' म्हणजे आसपासच्या विरोधकांनाही ऐकू जातं. व्हॅलोरंटमध्ये 'पार्टी' आणि 'टीम' असे दोन वेगळे आवाज असतात. दोघं मित्र आणि तिघं अनोळखी अशी टीम पडली की नवा माणूस हमखास पार्टीवर बोलत राहतो आणि तिघांना काही पत्ता नसतो.

इअरफोन वायरचे घ्या, साधे चालतील. ब्लूटूथला आवाज थोडा उशिरा येतो, हे एक. दुसरं म्हणजे, बहुतेक ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू झाला की फोन कॉलवाल्या हलक्या दर्जाच्या आवाजावर जातो. मग पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, ते कळत नाही. नव्या माणसाला वाटतं आपले कानच कच्चे आहेत. स्पीकरवर ठेवून तर अजिबात खेळू नका, सगळ्यांचा आवाज घुमून परत येतो.

बाकी घरातले आवाज. आमच्याकडे नऊच्या सुमाराला खाली रस्त्यावर गाड्यांची वर्दळ, वर पंखा, स्वयंपाकघरात कुकर. माइक कायम चालू ठेवण्यापेक्षा बोलायचं तेव्हाच चालू करायची सवय पहिल्याच दिवशी लावा. कॉम्प्युटरवर 'पुश टू टॉक'चं बटण असतं, मोबाइलवर माइकचं चिन्ह अंगठा पोहोचेल अशा जागी सरकवून घ्या. बोलायला डिस्कॉर्ड अ‍ॅप वापरत असाल तर त्यात माइक तपासायची आणि मागचा गोंगाट कमी करायची सोय आहे. आणि फोनवर येणारे कॉल मॅचपुरते बंद ठेवा, कारण ऐन वेळी कॉल आला की आवाजही जातो आणि स्क्रीनही.

तपासणीला "हॅलो हॅलो" म्हणू नका. आकडे म्हणायला लावा: पंधरा, पन्नास, फिफ्टीन, फिफ्टी. का, ते पुढे येईलच.

'तिकडं' हा शब्द बंद

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

बीजीएमआयमध्ये स्क्रीनच्या वर दिशांची पट्टी असते. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि मध्ये दर १५ अंशांवर खूण. नव्या माणसाला ती पट्टी दिसत असते, पण तो ती वाचत नाही. ट्रेनिंग ग्राउंडवर न्या, एका जागी उभं करा आणि विचारा, "टॉवर कितीवर?" त्याने टॉवरकडे वळायचं, पट्टीवरचा आकडा वाचायचा, बोलायचं. दहा वेळा, वीस वेळा. मग उलटं करा, तुम्ही आकडा सांगा आणि त्याने वळून तिथे काय दिसतं ते सांगायचं. हा सराव कंटाळवाणा वाटेल, पण अर्ध्या तासात त्याचं 'तिकडं' सुटतं.

आकडा कसा म्हणायचा, याचीही एक गोम आहे. आपल्याकडे बहुतेक मुलं आकडे इंग्रजीत सांगतात आणि खराब नेटवर्कवर 'वन फिफ्टीन' नि 'वन फिफ्टी' सारखंच ऐकू येतं. ३५ अंशांचा फरक पडतो, म्हणजे माणूस भलत्याच डोंगराकडे बघत बसतो. मराठीत 'एकशे पंच्याण्णव' म्हणेपर्यंत गोळी लागून जाते. म्हणून आम्ही सुटे आकडे म्हणतो: एक-एक-पाच, दोन-एक-शून्य. वैमानिकही दिशा सांगताना आकडे असेच सुटे उच्चारतात, त्याच कारणासाठी. मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठल्याही भाषेत म्हणा, पण सुटे म्हणा.

मग क्रम. आमचा क्रम असा: दिशा, जागा, किती जण, काय करतायत.

"दोन-एक-शून्य, लाल छपराचं घर, दोघं, पळतायत."

बरेच जण "दोघं आहेत" इथून सुरू करतात. मी दिशा आधी सांगायला लावते, कारण दिशा ऐकल्याबरोबर बाकीच्यांचे अंगठे वळायला लागतात. पुढचे शब्द येईपर्यंत ते त्या बाजूला बघत असतात. शिवाय बोलता बोलता गोळी लागली आणि वाक्य तुटलं, तर निदान सगळ्यात कामाचा भाग पोहोचलेला असतो.

एक खाचखळगा मात्र लक्षात आणून द्या. अंश असतात ते बोलणाऱ्याच्या जागेवरून. चौघं एकाच घरात असाल तर काही फरक पडत नाही. पण तुम्ही एकमेकांपासून १०० मीटर बाजूला असाल आणि शत्रू २०० मीटर समोर असेल, तर तुमच्या आणि त्याच्या आकड्यात सुमारे २७ अंशांचा फरक पडू शकतो. असे पांगलेले असाल तेव्हा आकडा सोडा, नकाशावर मार्कर, म्हणजे सगळ्या टीमला दिसणारी खूण, टाका आणि म्हणा, "माझ्या मार्करवर, दोघं." आमच्या आतेभावाला हे कळायला दोन आठवडे लागले. तो बरोबर आकडा सांगायचा आणि दादाला तिथे काहीच दिसायचं नाही. दोघंही खरं बोलत होते.

ओळखीच्या टीममध्ये नकाशातल्या जागांना आपली, आमच्या बाबतीत कोल्हापूरची, नावं ठेवली तर काम फारच सोपं होतं. पोचिंकी या नकाशातल्या गावात रस्ता फुटतो त्या गर्दीच्या जागेला आम्ही बिंदू चौक म्हणतो, तिथल्या एका अरुंद बोळाला गुजरी. रंकाळा तर प्रत्येक नकाशात एक आहेच, पाणी दिसलं की रंकाळा. नव्या माणसाला जॉर्जोपोल किंवा नोव्होरेपनोये तोंडात बसायला वेळ लागतो, पण "बिंदू चौकात दोघं" हे तो पहिल्या दिवसापासून बिनचूक सांगतो. नाव ठेवायचा मान शक्यतो त्यालाच द्या. ज्या जागेचं बारसं त्याने केलं, ती जागा तो विसरत नाही.

मोबाइल बाजूला ठेवून करायचा सराव हवा असेल तर संध्याकाळी रंकाळ्यावर जा. एकाने कुठेतरी उभं राहायचं आणि दुसऱ्याला फोनवर फक्त आजूबाजूला काय दिसतंय ते सांगत स्वतःपर्यंत आणायचं. "भेळेच्या गाडीपाशी" म्हणून भागत नाही, गाड्या रांगेनं आहेत. "टॉवरला पाठ करून उभा राहा, डाव्या हाताला तिसरी गाडी, तिच्या मागे कट्टा" असं सांगावं लागतं. दोन वेळा केलं की कळतं, ऐकणाऱ्याला काय दिसतंय याचा विचार करून बोलायचं असतं. माझ्या मैत्रिणीला मी असंच शिकवलं, आणि आज आमच्यात सगळ्यात नेमकं तीच बोलते.

पहिल्या आठवड्यात एकच काम द्या

"बोल की रे, काहीतरी बोल" असं म्हणून कुणी बोलत नाही. उलट आणखी आखडतो. त्याला असं एक काम द्या, ज्यात बोलावंच लागतं आणि चुकायला फारशी जागा नाही.

आम्ही झोनचं घड्याळ देतो. झोन म्हणजे नकाशावरचं लहान लहान होत जाणारं सुरक्षित वर्तुळ, त्याच्या बाहेर राहिलं की माणूस मरतो. नकाशापाशी वेळ दिसतच असते, ती त्याने मोठ्याने सांगायची. "झोन दोन मिनिट." "झोन एक मिनिट, आपण बाहेर." "निघाला." बस. पाच-सहा मॅच त्याने एवढंच बोलायचं, शत्रू दिसला तर मार्कर टाकायचा. हे काम खरंच उपयोगी आहे, गोळीबारात जुने खेळाडूही झोन विसरतात. आतेभाऊ तीन आठवड्यांच्या गप्पगारीनंतर जो बोलला तो असाच. आम्ही एका घरात लूट करत रेंगाळलो होतो आणि तो म्हणाला, "ताई, झोन चाळीस सेकंद. गाडी मागं हाय." आम्ही निघालो, वाचलो. दादा फक्त "भारी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोराचा माइक आपणहून चालू होता.

इथे जुन्यांचं एक काम असतं: पोच द्यायची. त्याने काही सांगितलं की कुणीतरी एकाने "ऐकलं" म्हणायचं, किंवा त्याचाच आकडा परत म्हणायचा, "दोन-एक-शून्य, बघतोय." नवा माणूस बोलतो आणि पलीकडून काहीच येत नाही, तेव्हा त्याला वाटतं आपण चुकीचं बोललो. एका शब्दाची पोच मिळाली की तो पुढचं वाक्य बोलतो.

घड्याळ जमलं की स्वतःची परिस्थिती सांगायला शिकवा. "गोळ्या संपल्यात" अर्धवट आहे, "पाच-छप्पन हव्यात, साठ" हे पुरं आहे. 'पाच-छप्पन' म्हणजे ५.५६, एम४१६ बंदुकीला लागतात त्या. ज्याच्याकडे एकेएम आहे त्याला ७.६२ लागतात, त्यामुळे नुसत्या 'गोळ्या' म्हणून भागत नाही. मागायला नवी माणसं फार संकोचतात. एकदा मीच मुद्दाम त्याच्याकडे फर्स्ट एड मागितलं, तेव्हा त्याला मागणं सोपं झालं.

'मारला' म्हणजे नेमकं काय

हा शब्दही बंद करा. बीजीएमआयच्या स्क्वॉडमध्ये गोळ्या लागून माणूस आधी नॉक होतो, म्हणजे खाली पडून रांगतो, आणि त्याच्या जोडीदाराने वेळेत उठवलं तर परत उभा राहतो. "मारला" म्हटल्यावर आम्ही बेधडक पुढे जायचो आणि ज्याला मारला तो परत उठून बसलेला असायचा. "नॉक" म्हणजे पडला, "फिनिश" म्हणजे संपला. दोनच शब्द.

त्यात एक बातमी दडलेली असते, ती नव्याला समजावून सांगा. ज्या टीममधला शेवटचा उभा माणूसही पडतो, त्या टीममधले नॉक राहत नाहीत, सरळ संपतात. म्हणजे समोरचा नॉक झाला, रांगतोय, याचा अर्थ त्याचा एक तरी साथीदार उभा आहे आणि बहुधा जवळच आहे. म्हणून "एक नॉक" म्हटल्यावर पुढचं वाक्य "दुसरा शोधा" हेच.

आपला माणूस पडला तर त्याने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: गोळी कुठून लागली आणि तो जिथे पडला तिथे येणं सुरक्षित आहे का. उठवणाऱ्याने सांगायचं, "उठवतोय, स्मोक टाका", म्हणजे आडोशाला धुराचा बॉम्ब फेका. उठवायला साधारण दहा सेकंद लागतात, आणि ते दहा सेकंद बाकीच्यांनी त्याची पाठ राखायची असते. हे न सांगता कुणी उठवायला बसला तर दोघंही जातात.

एकच आवाज ठरवणारा

खासबाग मैदानात कुस्ती बघितली असेल तर हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात हजारो लोक ओरडत असतात, पण पैलवानाचा कान असतो वस्तादाच्या आवाजाकडे. आमच्या खेळातही माहिती चौघांनी द्यायची आणि ठरवायचं एकाने. जायचं की थांबायचं, गाडी घ्यायची की पायी, हे दोघांनी एकाच वेळी सांगितलं की नवा माणूस मधल्या मध्ये उघड्यावर उभा राहतो. मॅच सुरू होण्याआधी कोण ठरवणार ते मोठ्याने सांगा आणि नव्याला स्पष्ट सांगा, "तू फक्त काय दिसतं ते सांग, काय करायचं ते दादा सांगेल." त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं.

गप्प बसणंही शिकवायचं

बोलायला लागला की एक टप्पा असा येतो की माणूस थांबतच नाही. आतेभाऊही त्या टप्प्यातून गेला. घराच्या आत असताना पावलं ऐकायची असतात, तेव्हा गप्पा नकोत. "पावलं" एवढा एक शब्द कुणीही म्हटला की सगळे चूप, असा नियम करा.

आणि आपण मेलो की बोलणं एकदम कमी. व्हॅलोरंटमध्ये हे फारच जाणवतं. पाचातले चार गेले, एक उरलाय, स्पाइक (त्या खेळातला बॉम्ब) लागलाय. लागल्यापासून ४५ सेकंदांत तो फुटतो, निकामी करायला ७ सेकंद लागतात, आणि निकामी करायला कुणी हात घातला की त्याचा आवाज येतो. त्या एका माणसाचा सगळा जीव त्या आवाजात गुंतलेला असतो, आणि चार मेलेले चार सल्ले देत असतात. मरताना एक वाक्य: "एक जण हेवनमध्ये, जखमी." (हेवन म्हणजे नकाशातली वरची, उंच जागा.) त्यानंतर माइक बंद. काही विचारलं तर सांगायचं.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच असते तेव्हा गोलकीपर बघा. सगळं मैदान त्याच्या समोर असतं, तरी तो पूर्ण नव्वद मिनिटं ओरडत नाही. बचावपटूच्या पाठीमागून कुणी आला की एकच हाक: "मागं!" तेवढ्याने खेळाडू वळतो. आमच्याकडच्या पोरांना फुटबॉलचं उदाहरण दिलं की दुसरं काही सांगावं लागत नाही.

ज्याला बोलायचं नाही, त्याच्यासाठी

कुणाच्या घरी बाळ झोपलेलं असतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला बोलायचंच नसतं. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. मार्कर आणि क्विक चॅट (एका बटणावर जाणारी तयार वाक्यं) यांवर भरपूर काम होतं. २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्स या खेळातली पिंगची, म्हणजे बटण दाबून खूण करायची, सोय इतकी चांगली होती की एक शब्द न बोलता अनोळखी माणसांसोबत खेळता येऊ लागलं, पुढे बऱ्याच खेळांनी तशी सोय केली. क्विक चॅटच्या यादीतली वाक्यं बदलता येत असतील तर नव्या माणसासोबत बसून त्याला लागतील तेवढीच सहा-सात ठेवा. आणि टीममध्ये एकाने त्याचे मार्कर बघायची जबाबदारी घ्या, बघून मोठ्याने म्हणा, "त्याने खूण केलीय, गोडाउन." म्हणजे त्याचं 'बोलणं' सगळ्यांना ऐकू जातं.

अनोळखी टीममध्ये

इथे आपली गुजरी आणि बिंदू चौक चालत नाही. नकाशावरची खरी नावं, सुटे आकडे आणि मोडकंतोडकं हिंदी, एवढं पुरतं. सुरुवातीलाच "भाई, माइक है?" विचारून घ्यावं.

आपल्या बोलीबद्दलही नव्याला सांगायला हवं, विशेषतः तो कोल्हापूरबाहेरचा असेल तर. आपण प्रेमानेही चढ्या आवाजात बोलतो. रत्नागिरीहून आमच्यात आलेली एक मुलगी दोन दिवस समजत होती की दादा तिच्यावर चिडलाय. मग मी तिला सांगितलं आणि दादालाही सांगितलं. बदलायचं दोघांनी थोडं थोडं.

मुलींना माइकवर जे ऐकावं लागतं, ते मी पुष्कळ ऐकलंय. कोल्हापूरच्या आम्ही बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतो, त्यामुळे टाइप करताना कुणाला कळत नाही, आवाज ऐकला की सुरू होतं. नव्या मुलीला पहिले काही आठवडे ओळखीच्या टीमबाहेर एकटीला पाठवू नका. कुणी घाण बोललं तर म्यूट आणि रिपोर्ट, उत्तर द्यायचं नाही. आणि टीममधल्या मुलांनी त्या क्षणी बोलायला हवं. "ओ, नीट बोला" एवढं एका दादाने म्हटलं की तिला किती बळ येतं, ते मला माहीत आहे. गप्प राहिलेले मित्र जास्त लागतात.

लहान मुलं असतील तर पालकांसमोर ठरवून घ्या: खरं नाव, शाळा, घर कुठे, फोटो, ओटीपी, यातलं काहीही माइकवर किंवा चॅटवर नाही. कुणी यूसी (बीजीएमआयमधले विकत घ्यायचे पैसे) फुकट देतो म्हणून लिंक पाठवली तर उघडायची नाही. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, वेळ घालवायचा नाही.

मॅच संपल्यावर

खेळ चालू असताना चूक काढायची नाही, हा आमच्यात पक्का नियम आहे. "काय केलंस हे?" या प्रश्नाला मॅचमध्ये उत्तर नसतं, आणि नवा माणूस पुढची दहा मिनिटं त्यातच अडकतो. संपल्यावर लॉबीत दोन मिनिटं थांबा. त्याने मॅचमध्ये दिलेली एक चांगली खबर नाव घेऊन सांगा, आणि सुधारायची एकच गोष्ट सांगा. दोन नाही, एकच. आधी त्यालाच विचारा, "तुला काय दिसलं होतं?" पुष्कळदा त्याला बरोबर दिसलेलं असतं आणि शब्द कुठे अडकला ते त्याचं त्यालाच सापडतं.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शब्दांची यादी वर लावून ठेवली आहे, आजच्या घडीला तेवीस शब्द. नवा माणूस आला की आधी ती त्याला वाचून दाखवतो. रविवारी बसलो की आठवड्यात जो शब्द कुणीच वापरला नाही तो काढतो आणि कुणाला नवा लागला असेल तर घालतो. गेल्या रविवारी आतेभावाने 'उंबरा' घातला, दाराच्या अगदी आत दबा धरून बसलेल्यासाठी. आधी आम्ही त्याला "दारापाशी आत डाव्या बाजूला बसलाय" म्हणायचो.